पाहणीचे बूट

बूट बांधणाऱ्या खिळ्याच्या तोंडात दिवसाचे आठ तास खिळे असत, आणि उरलेल्या वेळात ते नसले तरी फारसा फरक पडत नसे. बूट ठोकणारा माणूस खिळे ओठांत धरतो, जिभेने एकेक पुढे आणतो आणि ठोकतो. हात मोकळे राहावेत म्हणून केलेली ही सोय. खिळ्याने तिचा स्वभाव करून टाकला होता. कुणी काही विचारलं की तो ओठ न उघडता ‘हं’ म्हणायचा. या ‘हं’चे सातआठ अर्थ होते आणि त्यांतला एकही चांगला नव्हता.

तो एका जुन्या बूट-दुकानाच्या मागच्या खोलीत काम करायचा. पुढे काच, आरसा, गालिचा आणि मालक. मागे खळीचा वास, कातड्याचे तुकडे आणि खिळ्या. पुढच्या दाराने येणाऱ्यांना तयार बूट मिळत. मागच्या दाराने येणारी गिऱ्हाइकं वेगळी. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच लहानपणी भाजलेली, कुणाला दोन बोटंच नाहीत. सगळी मोठी माणसं. गाडी लांब उभी करून बोळातून चोरासारखी यायची. खिळ्या त्यांचं माप घ्यायचा, त्या मापाचा लाकडी फर्मा तासायचा आणि त्यावर असा बूट बांधायचा, की आत काय लपलंय ते बाहेरच्याला बापजन्मात कळू नये. आखूड पायाची उंची तळाखाली जोडली तर ती आंधळ्यालाही दिसते. खिळ्या ती आतून द्यायचा, बुचाचे थर रचून, आणि दोन्ही बूट बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसायचे.

या धंद्याचा नियम एकच होता, आणि तो वस्तादाने पहिल्याच दिवशी कान धरून शिकवला होता. गिऱ्हाइकाचा पाय खोलीबाहेर बोलायचा नाही. रस्त्यात भेटलं तर ओळख द्यायची नाही. कुणी बुटाची तारीफ केली तर मान हलवायची, आत काय आहे ते सांगायचं नाही, बायकोलासुद्धा नाही. खिळ्याने बावीस वर्षांत हा नियम मोडला नव्हता. त्याचं त्याला काही कौतुकही नव्हतं. ज्याला मुळात कुणाशी बोलायचंच नाही, त्याला गुपित ठेवायला काय कष्ट पडणार?

त्याच्या स्वतःच्या घरातही एक आखूड पाय होता.

तो पाय त्याच्या मुलीचा. तिला घरात भिंगरी म्हणत. हे नाव पडलं तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि नावाप्रमाणे फिरत होती. मग ती जिन्यावरून पडली आणि उजव्या नडगीचं हाड मोडलं. खिळ्या कामावर होता, बायको रडत होती आणि बायकोचा धाकटा भाऊ तेव्हा बेकार असल्यामुळे कुठल्याही संकटाला चोवीस तास उपलब्ध होता. तो धावत आला आणि पोरीला उचलून एका हाड बसवणाऱ्याकडे घेऊन गेला. त्या गृहस्थाने तेल चोळलं, फळकुटं बांधली आणि महिनाभर हलवू नका म्हणून सांगितलं. हाड जुळलं, पण त्याला वाटलं तसं. आता भिंगरी आठ वर्षांची होती. पाय गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला वाकला होता आणि दुसऱ्यापेक्षा साडेतीन सेंटीमीटर आखूड राहिला होता. दवाखान्यात सांगितलं की हाड पुन्हा कापून, बाहेरून कड्यांचा सांगाडा बसवून, ते सरळ करता येईल, हळूहळू लांबवताही येईल. त्याला येणारा आकडाही सांगितला. खिळ्याने ‘हं’ म्हटलं आणि पोरीला घेऊन परत आला.

मेहुण्याशी तो पाच वर्षांत एक अक्षर बोलला नव्हता. त्याने तसं जाहीर केलं नव्हतं, त्यामुळे मेहुण्याच्या हे लक्षात यायला पहिले आठ महिने लागले.

पुढे मेहुण्याला नोकरी लागली ती एका सेवाभावी संस्थेत. गाडी चालवायची, पाटी लावायची, खुर्च्या मांडायच्या आणि मॅडम म्हणतील ते करायचं. ही संस्था वर्षातून एकदा बाहेरून एक मोठे डॉक्टर आणायची आणि आठवडाभरात बारा मुलांचे पाय फुकटात सरळ करून द्यायची. अट अशी की मूल नऊ वर्षांच्या आतलं हवं. भिंगरीला नऊ पुरी व्हायला चार महिने उरले होते. म्हणजे ह्या वर्षी नाही तर कधीच नाही, हे गणित तिसरीतल्या भिंगरीलाही येत होतं.

मेहुणा फॉर्म घेऊन घरी आला. घर म्हणजे एक खोली. तिच्या एका टोकाला मेहुणा, दुसऱ्या टोकाला खिळ्या आणि मध्ये भांडी घासत बसलेली बायको. मेहुणा बहिणीला म्हणाला, “ताई, भावोजींना सांग, शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायचाय. बापाची सही लागते.”

खिळ्या बायकोला म्हणाला, “त्याला विचार, ह्या खेपेला हाड कोण बसवणारे. तोच का तेलवाला?”

“मी काय टपालपेटी आहे?” बायको म्हणाली. पण निरोप दोघांनाही न सांगता पोचले होते.

खिळ्याचं म्हणणं असं की फुकटचं घेणं म्हणजे चार लोकांपुढे पोरीला उभं करून भीक मागणं. बायकोचं म्हणणं असं की ताठ मान ही चैन आहे आणि ती सरळ पायांच्या माणसांना परवडते. तिने सहीसाठी पेन पुढे केलं. खिळ्याने फॉर्म उलटसुलट वाचला. खाली संस्थेच्या अध्यक्षांचं नाव छापलं होतं. ते वाचून खिळ्याच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. बायकोने विचारलं काय झालं. तो म्हणाला, हं.

झालं होतं ते असं, की हे अध्यक्ष मागच्या दाराचं गिऱ्हाईक होते. लहानपणच्या तापात त्यांचा डावा पाय खुंटला होता. अडीच सेंटीमीटर. खिळ्याने त्यांचे अकरा जोड बांधले होते आणि जगात त्या पायाची गोष्ट माहीत असलेली माणसं बहुधा दोनच होती. खिळ्याला वाटलं, काम झालं. ज्याचा स्वतःचा पाय आखूड, त्याला काय सांगायचं? एका नजरेत कळेल त्याला. त्याने सही केली.

एवढ्यावर तो थांबला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्याने ठरवलं की पोरगी जर श्रीमंतांपुढे उभी राहणारच असेल, तर ती फाटक्या चपलेत राहणार नाही. दुपारच्या सुट्टीत, मालक जेवायला गेला की, त्याने बूट बांधायला घेतले. बाहेरचं तांबडं कातडं मालकाने टाकून दिलेल्या एका डागाळलेल्या तुकड्याचं. डाग शिवणीत बरोबर बुडवला. आतलं सगळं रद्दीतलं. बुचाचे थर, त्यांवर जमिनीवरून वेचलेल्या चिंध्या, टाचेला आतून ताठ पट्टी, वाकड्या नडगीला सावरायला घोट्याच्या वर चढवलेली कड. नऊ दुपारी लागल्या. मालकाला कळलं असतं तर त्याने ते काचेत मांडले असते.

भिंगरीने ते घातले आणि उभी राहिली, तेव्हा पाच वर्षांत पहिल्यांदा तिचे दोन्ही खांदे एका पातळीवर आले. खिळ्याने तिला फरशीच्या सांध्यावरून चालवलं. कंबर हलवायची नाही, समोर बघायचं, पाऊल ओळीवर. ती आठवडाभर चालली. दाराशी जाऊन परत, दाराशी जाऊन परत. पाहणी म्हणजे परीक्षा, असा तिने समज करून घेतला होता आणि तो कुणी काढला नाही. बायकोला मनातून काहीतरी खटकत होतं, पण पोरगी सरळ चालताना बघून डोळ्यांत पाणी आल्यामुळे ते नेमकं काय हे तिला दिसलं नाही.

पाहणी संस्थेच्या लांबोड्या सभागृहात होती. बाहेर बाकांवर आया, मुलं आणि एक्सऱ्याचे मोठे लिफाफे. बराच वेळ थांबावं लागत असल्यामुळे आया त्या लिफाफ्यांनी वारा घेत होत्या. संस्थेची पद्धत अशी की डॉक्टरांचा वेळ मोलाचा, म्हणून आधी समितीने मुलं निवडायची आणि निवडलेलीच डॉक्टरांकडे पाठवायची. मूल खरोखर लंगडं आहे का हे तपासण्याचं काम ज्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, त्यांनी स्वखुशीने अंगावर घेतलं होतं.

आत एकाच पालकाने जायचं, आणि फॉर्मवर सही बापाची, म्हणून बाप गेला. दारात मेहुणा नावं पुकारत उभा होता. त्याने भाचीच्या पायांकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि तेवढ्यात मॅडमनी त्याला पंखा वाढवायला पाठवलं.

टेबलावर जमिनीपर्यंत कापड सोडलं होतं. मध्ये अध्यक्ष, उजवीकडे मॅडम, डावीकडे एक सदस्य. या सदस्यांचं समितीवरचं काम बिस्किटं संपवणं हे असावं. एक फोटोवालाही होता. त्याला प्रत्येक मुलाचा ‘आधी’ आणि ‘नंतर’ असा जोडीचा फोटो हवा असे. ‘आधी’च्या फोटोत हसायचं नाही असा मॅडमचा नियम होता. भिंगरी नव्या बुटांत होती. तिला न हसणं जमेना. फोटोवाल्याने दोनदा सांगितलं, मग कॅमेरा खाली ठेवला.

जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवली होती, वीसेक फूट. भिंगरी त्या पट्टीवरून चालली. समोर बघून, कंबर न हलवता, पाऊल ओळीवर. टोकाला पोचून वळली आणि तशीच परत आली. वाकड्या नडगीच्या पोरीला असं चालायला काय लागतं हे त्या खोलीत दोघांनाच कळण्यासारखं होतं. मॅडम त्यांत नव्हत्या.

“हिला नक्की काय झालंय?” मॅडमनी विचारलं.

खिळ्याने लिफाफा पुढे केला. मॅडम म्हणाल्या, एक्सरे डॉक्टर बघतील, आम्ही माणूस बघतो. सदस्य बिस्किटाआडून म्हणाले की असले बूट माझ्या नातीलासुद्धा नाहीत, कुठून घेतले? काय शिवण आहे बघा. बुटाची तारीफ झाली आणि खिळ्याची मान बावीस वर्षांच्या सवयीने हलली. तोंड बंद राहिलं. त्याने अध्यक्षांकडे बघितलं.

अध्यक्ष बुटांकडेच बघत होते. त्यांना कळलं होतं. टाचेवरची ती दुहेरी टीप, घोट्याजवळची ती वळणारी कड. रोज सकाळी नाडी बांधताना जे दिसतं ते माणूस विसरत नाही. त्यांनी मान वर केली, दोघांची नजर भिडली आणि खिळ्या थांबून राहिला. आता हे म्हणतील, अहो, उंची आत आहे, बूट काढून बघा.

पण तसं म्हटलं की मॅडम विचारणार, तुम्हाला हो कसं ठाऊक. अध्यक्षांनी नजर खाली नेली. टेबलक्लॉथची एक चुणी सरळ केली.

“चांगली चालते की,” ते म्हणाले.

मॅडमनी फॉर्म उजवीकडच्या, नाकारलेल्यांच्या ढिगात टाकला. संस्था गरजूंसाठी आहे, त्या म्हणाल्या. ज्यांना असे बूट परवडतात त्यांनी दुसऱ्या एखाद्या गरीब मुलाची जागा अडवू नये, इतकी तरी जाणीव पालकांना हवी. हे त्यांनी चिडून नाही, शांतपणे सांगितलं. तेच जास्त लागलं.

बाहेर आल्यावर भिंगरीने विचारलं, “बाबा, मी पास झाले ना?”

बायको उठून आली. काय म्हणाले, तिने विचारलं. चांगली चालते म्हणाले, खिळ्याने सांगितलं. बायको क्षणभर त्याच्याकडे आणि मग बुटांकडे बघत राहिली. आठवडाभर जे खटकत होतं ते आता तिला स्वच्छ दिसलं.

“आणि तुम्ही सांगितलं नाहीत? आत एवढा बुचाचा डोंगर घातलाय, तो दाखवला नाहीत?” ती हळू आवाजात बोलत होती, पण बाकावरचे लिफाफे हलायचे थांबले. “तोंडात काय खिळे होते आज? अहो, लंगड्या पोरीला लंगडी म्हणून दाखवायला आणलं आपण. तुम्ही तिला नटवून आणलीत. तुमची कारागिरी बघायला बसलेत का ते लोक? पोरीचा पाय गेला तरी चालेल, टीप सरळ पाहिजे.”

खिळ्याला सांगावंसं वाटलं, की आत बसलेल्या एका माणसाने आपल्याला दगा दिला. पण ते सांगायचं तर त्या माणसाचा पाय सांगावा लागत होता. तो ‘हं’ म्हणाला. बायकोने त्याचा अर्थ लावला तो लावला.

तेवढ्यात मेहुणा दार ओढून बाहेर आला आणि बहिणीकडे न बघता सरळ खिळ्यासमोर उभा राहिला.

“भावोजी,” तो म्हणाला. “दहा पोरं निवडून झाली. दोन जागा राहिल्यात आणि बाकावर सात पोरं आहेत. फॉर्म मी नाकारलेल्या ढिगातून उचलून पुन्हा बघायच्यांत घातलाय. मॅडमना कळलं तर माझी नोकरी जाईल, ती जाऊ दे. आता नाव पुकारतो. आत गेलात की तोंड उघडा.”

“मी तुला माफ केलेलं नाही,” खिळ्या म्हणाला. पाच वर्षांतलं पहिलं वाक्य.

“मागितलीय कुणी?” मेहुणा म्हणाला आणि नाव पुकारलं.

मॅडमनी त्यांना पाहून कपाळाला आठ्या घातल्या. ही झाली की मघाशी, त्या म्हणाल्या. खिळ्याने भिंगरीला खुर्चीवर बसवलं, उजव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला आणि समितीच्या टेबलावर, नेमका फॉर्मांच्या ढिगावर, ठेवला. बिस्किटांची बशी सदस्यांनी जवळ ओढून घेतली.

“हा विकत घेतलेला नाही,” खिळ्या म्हणाला. “मी बांधलाय.”

सगळे असंच म्हणतात, मॅडम म्हणाल्या. मागच्या वर्षी एक जण घड्याळ सापडलेलं आहे म्हणाला होता.

खिळ्याने खिशातून रापी काढली. कातडं कापायचं रुंद पात्याचं हत्यार. डॉक्टरच्या खिशात पेन असतं तसं ते त्याच्या खिशात कायम, चिंधीत गुंडाळलेलं असे. सभागृहात आधी कुणी असं हत्यार काढलेलं नसावं, कारण फोटोवाला भिंतीला चिकटला आणि सदस्यांचं बिस्कीट चहात पडलं. मेहुणा दारातून ओरडला की कुणी घाबरू नका, तो माणूस तसलाच आहे. यामुळे कुणाचं समाधान झाल्याचं दिसलं नाही.

भिंगरीला मात्र बापाचा हात माहीत होता. तो काय करणार हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं. “बाबा, नको,” ती म्हणाली.

त्याने टाचेपासून कापायला सुरुवात केली. स्वतःची टीप स्वतःच उसवताना हात अडखळतो असं म्हणतात. त्याचा अडखळला नाही. वैऱ्याचा बूट असल्यासारखा तो कापत गेला. नऊ दुपारींचं काम अर्ध्या मिनिटात दोन फाकांसारखं उघडं पडलं. आत बुचाचे थर आणि त्यांच्यावर चिंध्या, एकीला दुसरीचा रंग नाही. कुठल्याशा बाईच्या सँडलचा लाल काठ, शाळेच्या दप्तराचा हिरवा कोपरा, आणि मधोमध चकाकणाऱ्या मऊ काळ्या कातड्याचा एक तुकडा. त्या कातड्याचा उरलेला भाग टेबलक्लॉथच्या आड अध्यक्षांच्या पायांत होता. अध्यक्षांनी तो तुकडा पाहिला. कापडाच्या आत काहीतरी मागे सरकल्याचा आवाज आला.

“साडेतीन सेंटीमीटर,” खिळ्या थरांवर बोट ठेवून म्हणाला. “आखूड पाय असा लपवतात. माझा धंदाच तो आहे. बावीस वर्षं मोठ्या मोठ्या लोकांचे पाय लपवतोय.”

“कुणाचे?” मॅडमनी विचारलं. त्यांना एकदम रस वाटला होता.

खिळ्याने अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांचा चेहरा कच्च्या कातड्यासारखा झाला होता. पाच वर्षांत खिळ्याच्या हातात इतकं सोपं काही आलं नव्हतं. एक नाव, बस. सदस्यांना बिस्किटांबरोबर चघळायला आयुष्यभराचा विषय मिळाला असता. मॅडमनी वाट बघितली, फोटोवाल्याने वाट बघितली. खिळ्याच्या जिभेवर ते नाव आलं, ओठांपर्यंत आलं, आणि तिथेच राहिलं.

“गिऱ्हाइकांचे,” तो म्हणाला. “ते नाही सांगत. ही माझी मुलगी आहे, तिचा दाखवतो.”

त्याने दुसराही बूट काढला आणि भिंगरीला पट्टीवर उभं केलं. चाल म्हणाला.

भिंगरीचे डोळे भरले होते, पण ती चालली. आणि ती सरळच चालली. उजव्या पायाची टाच उचलून, नुसत्या चवड्यावर, कंबर घट्ट धरून. साडेतीन सेंटीमीटरची उंची तिने स्वतःच शोधून काढली होती. कातडं नाही, बूच नाही, बोटांवर पेललेली. बापाची पोरगी.

“हे बघा,” सदस्य म्हणाले. “आताही ठीकच आहे की.”

“टाच टेकव,” खिळ्या म्हणाला.

ती थांबली. “तूच म्हणालास ना, कंबर हलवायची नाही.”

“टाच टेकव, भिंगरे.”

तिने त्याच्याकडे असं बघितलं, की तो मान खाली घालून पट्टीकडे बघत राहिला. मग तिने टाच टेकवली. त्याबरोबर तिचं सगळं अंग उजवीकडे ढासळलं. खांदा खाली गेला, कंबर बाहेर फेकली गेली, वाकडी नडगी धनुष्यासारखी ताणली. ती एक पाऊल चालली, दुसरं चालली. पूर्ण वीस फूट. झोकांड्या खात, हात पंखांसारखे बाहेर काढून, दातांवर दात दाबून, बापाला फाडून खाईल अशा चेहऱ्याने. फोटोवाल्याने पटकन कॅमेरा उचलला. ‘आधी’चा इतका उत्तम फोटो त्याला त्या दिवसात मिळाला नव्हता.

अध्यक्षांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. इतक्या घाईने, की अजून कुणी मत विचारलंही नव्हतं. मॅडमनी फॉर्म डावीकडे, निवडलेल्यांत ठेवला आणि म्हणाल्या की पालकांनी हे आधीच नीट दाखवायला हवं होतं, समितीचा किती वेळ जातो.

शेजारच्या खोलीत मोठ्या डॉक्टरांनी पाय दोन मिनिटं दाबून पाहिला आणि एक्सरे उजेडावर धरला. कापलेला बूट मात्र ते पाच मिनिटं बघत बसले. कुणी केला, त्यांनी विचारलं. कारागिरी अप्रतिम आहे, ते म्हणाले, आणि हिने हा आणखी दोन वर्षं घातला असता तर सगळे खूश राहिले असते आणि मुलीची कंबर कामातून गेली असती. दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच सुरात म्हटली. खिळ्याला दोन्हींना मिळून एकच ‘हं’ म्हणता आलं. बुधवारी सकाळी उपाशीपोटी आणा, डॉक्टरांनी सांगितलं. कड्या पाचसहा महिने राहतील, दुखेल, रडेल, तुम्हाला शिव्या देईल.

“ते सुरू झालंय,” एव्हाना आत आलेली बायको म्हणाली.

बोळकांडीत अध्यक्ष मागून आले. आजूबाजूला कुणी नाही हे बघून त्यांनी खिळ्याच्या दंडाला हात लावला. तू बोलला नाहीस, ते म्हणाले, हे मी विसरणार नाही. मग काहीतरी गोड सांगायचं म्हणून म्हणाले की पुढच्या महिन्यात नवा जोड घालायचाय, तपकिरी.

“दुसरीकडे टाका,” खिळ्या म्हणाला.

अध्यक्ष म्हणाले, मालकाशी बोलावं लागेल मला.

“बोला ना. त्यांना कारणही सांगा.”

अध्यक्ष परत फिरले. जाताना त्यांच्या डाव्या बुटाची टाच बाहेरच्या कडेला झिजलेली खिळ्याला दिसली. महिन्याभरात ते उघड लंगडायला लागणार होते. असं काही दिसलं की गिऱ्हाइकाला थांबवून सांगायचं, हेही वस्तादाने शिकवलं होतं. खिळ्याने ते दुसरीकडे बघून विसरून टाकलं.

भिंगरी बापाच्या कडेवर यायला तयार नव्हती. ती मामाच्या पाठीवर बसली. अनवाणी पाय दोन्ही बाजूंना लोंबत होते, एक लांब, एक आखूड. खिळ्या मागून चालला होता. अर्धा रस्ता मागे पडला. मग वरून आवाज आला. तो बापाला उद्देशून होता, पण तिने मान वळवली नव्हती.

“मी चांगली चालले तेव्हा नापास. आणि वाईट चालले तेव्हा पास.”

“हो,” खिळ्या म्हणाला.

“आणि आता डॉक्टर मला चांगलं चालायला लावणार.”

“हो.”

“मग ते बघून ते लोक मला परत नापास करतील.”

मेहुणा हसला, पण पाठीवरून गुद्दा मिळाल्यावर गप्प झाला. बायकोने नवऱ्याकडे बघितलं. घ्या, तुम्हीच उत्तर द्या, अशा अर्थाने. खिळ्याने खरोखर विचार केला. त्या टेबलामागच्या माणसांबद्दल छातीठोक काही सांगावं असं त्याला आज काही दिसलं नव्हतं.

“एकदा हाड कापून सरळ करून दिलं,” तो शेवटी म्हणाला, “की परत वाकडं करून मागता येत नाही त्यांना.”

 भिंगरीला बाप पटला नव्हता, पण मुद्दा पटल्यासारखा दिसला.

“मग बुधवारी लवकर निघू,” ती म्हणाली. “त्यांनी विचार बदलायच्या आत.”